सेरोपेजिया : मेणाचं कारंजं की शमादान?

तुमचा प्रश्न असा : सज्जनगडाच्या उतारावर गवतात एक नाजूक वेल दिसली, तिला छोट्या दिव्यासारखं फूल होतं. फोटो दाखवल्यावर जाणकारांनी ‘सेरोपेजिया, मराठीत कंदीलपुष्प’ असं सांगितलं. नावाचा अर्थ शोधायला गेलात तर जिथे तिथे ‘ग्रीक भाषेत मेणाचं कारंजं’ एवढंच मिळालं. फुलात मेण दिसत नाही आणि कारंजंही नाही. मग हे नाव कुणी, कशावरून दिलं? आणि कंदीलपुष्प हे त्याचंच भाषांतर आहे का?

थोडक्यात उत्तर आधी देतो. ‘मेणाचं कारंजं’ हा अर्थ बागकामाच्या पुस्तकांपासून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांपर्यंत सगळीकडे छापलेला असला, तरी माझ्या मते तो शब्दाची फोड चुकल्यामुळे आलेला आहे. सेरोपेजिया म्हणजे मेणबत्ती खोचून उभी करायचं साधन, जुन्या वाड्यांतल्या भाषेत शमादान. कंदीलपुष्प हे त्याचं भाषांतर नव्हे. ते नाव दुसऱ्याच नजरेतून आलंय, पण या प्रजातीतल्या ‘कँडेलाब्रम’ या जातीचं नाव आणि आपला कंदील यांच्या मुळाशी गेलं की एकच लॅटिन शब्द हाती लागतो. वनस्पतींची नावं लावण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे आता जरा सविस्तर लिहितो.

हे नाव स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने दिलं. १७५३ साली त्याचा ‘स्पेसिज प्लांटारम’ हा ग्रंथ आला, आणि फुलझाडांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत मोजणी तिथून सुरू होते. त्याच ग्रंथात सेरोपेजिया ही प्रजाती (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे आणि तिच्यात दोनच जाती आहेत, कँडेलाब्रम आणि बायफ्लोरा. आज या दोन्ही एकच मानतात. लिनियस भारतात कधी आला नव्हता. कँडेलाब्रमसाठी त्याच्यासमोर होतं ते एक चित्र, ‘हॉर्टस मलबारिकस’च्या नवव्या खंडातलं. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. या वेलीचं मल्याळम नाव त्यात रोमन लिपीत दिलंय. त्याच्या शेवटी ‘वल्ली’ आहे, एवढं आपल्याला लगेच कळतं.

या ग्रंथाचा आणि आपला एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. ऱ्हेडेला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर तीन कोंकणी वैद्य होते : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांनी १६७५ मध्ये दिलेलं साक्षीपत्र कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे आणि ते पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय. युरोपात छापलेल्या नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. चित्रांवरही वनस्पतींची नावं नागरीत कोरलेली आहेत. लिनियसला ती वाचता येणं शक्यच नव्हतं. तो बघत होता नुसतं चित्र.

चित्रात काय होतं? सेरोपेजिया कँडेलाब्रमची फुलं एकेकटी येत नाहीत. एका दांड्याच्या टोकाशी बरीच फुलं चवरीसारखी फुटतात. प्रत्येकाचा देठ आधी बाहेर झुकतो आणि मग फूल वर वळून ताठ उभं राहतं. मधला दांडा, त्यातून बाहेर आलेले वाकडे हात आणि प्रत्येक हातावर एक उभी, सडपातळ वस्तू. अठराव्या शतकातल्या युरोपीय माणसाला हे बघून चर्चमधलं किंवा दिवाणखान्यातलं अनेक मेणबत्त्यांचं झाड न आठवतं तरच नवल. लॅटिनमध्ये त्यालाच कँडेलाब्रम म्हणतात. म्हणजे जातीचं नाव उघडउघड या रचनेवरून आलंय. मग प्रजातीचं नाव कशावरून असेल?

शब्दाचा पहिला भाग केरोस, ग्रीकमध्ये मेण. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘पेग’चा. ग्रीकमध्ये पेगे म्हणजे झरा. कारंजंवाल्यांनी हा धागा पकडला आणि केरोस अधिक पेगे म्हणजे मेणाचा झरा, मेणाचं कारंजं अशी बेरीज केली. पण ग्रीकमध्ये दुसराही एक शब्द आहे, पेग्नुमी हे क्रियापद. त्याचा अर्थ रोवणं, घट्ट बसवणं, गोठवणं. जॅम घट्ट करणाऱ्या पेक्टिनचं नाव याच क्रियापदावरून आलंय. केरोस आणि पेग्नुमी मिळून जुन्या ग्रीकमध्ये केरोपेगिऑन असा तयार शब्द होता, ज्यात मेण रोवतात ते, म्हणजे मेणबत्तीदान. हा शब्द अजून जिवंत आहे. अथेन्सच्या दुकानात मेणबत्तीचा स्टँड मागायचा तर ‘किरोपीयो’ म्हणावं लागतं. उच्चार शतकांत बदलला, शब्द तोच.

आता लिनियसच्या जागी बसून बघा. ग्रीक आणि लॅटिन दोन्ही त्याच्या हाताशी होत्या. समोरच्या चित्रात मेणबत्त्यांचं झाड दिसतंय. जातीला त्याने लॅटिन ‘कँडेलाब्रम’ दिलं आणि प्रजातीला त्याच वस्तूचं ग्रीक नाव, शेवट स्त्रीलिंगी करून. तीच वस्तू दोन भाषांत. ही खेळी लिनियसला शोभणारी आहे. उलट ‘मेणाच्या कारंजा’ला ‘मेणबत्तीचं झाड’ हे विशेषण लावण्यात काहीच तर्क नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना कारंजं खोडायला लावतो.

तरी कारंजं टिकून का राहिलं? एक तर तो अर्थ ऐकायला गोड आहे. दुसरं म्हणजे प्रजातीचं नाव देताना लिनियसने सहसा व्युत्पत्तीचं स्पष्टीकरण दिलेलं नसतं, तेव्हा मागाहून येणारा जो तो शब्दकोश उघडतो आणि पहिला जुळणारा शब्द उचलतो. पेगे चटकन सापडतो, क्रियापदाचं मूळ शोधायला ग्रीक व्याकरण लागतं. मग एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून नर्सरीच्या लेबलवर. आपल्याकडे स्थळनामांचं असंच होतं. एकाने गावच्या नावाची रसाळ कथा रचली की गॅझेटिअरपासून एसटी स्टँडवरच्या फलकापर्यंत तीच चालते.

मराठीत केरोपेगिऑनला चोख जोड आहे ती शमादान या शब्दाची. अरबीत शमअ म्हणजे मेण, आणि त्यावरून मेणबत्तीही. फारसी ‘दान’ म्हणजे धारण करणारं भांडं किंवा बैठक, आपलं पानदान, अत्तरदान, कलमदान यातलं. मेण आणि ते धरणारं : घडण अगदी ग्रीक शब्दासारखी. सेरोपेजियाचं शब्दशः मराठीकरण करायचंच असेल तर ‘शमादानी’ म्हणावं लागेल. पण तसं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. रूढ नाव हाताशी असताना नवं पाडण्याची हौस आपल्याकडच्या परिभाषा समित्यांनी पुरेशी भागवली आहे.

आता कंदीलपुष्प. युरोपातल्या माणसाने एका देठावरचा अख्खा फुलोरा बघितला. मराठी नाव देणाऱ्याने एकच फूल बघितलं. सह्याद्रीतल्या बऱ्याच जातींत एका जागी एक-दोनच फुलं येतात, त्यामुळे मेणबत्त्यांचं झाड आपल्याला दिसतच नाही. दिसतं ते असं : खाली फुगीर तळ, त्यावर अरुंद नळी, मग ती पुन्हा रुंदावते आणि तिथून पाच पाकळ्या वर जाऊन शेंड्याशी एकमेकींना चिकटतात. मधे पाच खिडक्या उरतात. हा आकार बघून दिवाळीतला आकाशकंदील किंवा ओसरीतला जुना कंदील आठवणं साहजिक आहे.

पण कंदील शब्दाचा प्रवास बघा. लॅटिनमध्ये कँडेरे म्हणजे चकाकणं, शुभ्र असणं. त्यावरून कँडेला, मेणबत्ती, आणि तिच्यावरून कँडेलाब्रम. कँडेला पूर्वेच्या ग्रीकांनी घेतला, त्यांच्याकडून तो सिरियाच्या अरामी भाषेत गेला, तिथून अरबीत किंदील झाला, फारसीत कंदील, आणि फारसीबरोबर मराठीत आला. तुर्कस्तानात मशिदींचे मिनार दिव्यांनी उजळायच्या पवित्र रात्रींनाच ‘कंदील’ म्हणतात. म्हणजे १७५३ साली स्वीडनमध्ये लिनियसने वेलीला लावलेलं ‘कँडेलाब्रम’ आणि आपलं ‘कंदीलपुष्प’ ही एकाच घरातली दोन भावंडं. एक थेट लॅटिनमधून आलं, दुसरं सिरिया, अरबस्तान आणि इराणला वळसा घालून. कुणी कुणाचं भाषांतर केलेलं नाही. आणखी मागे गेलात तर कँडेरे आणि संस्कृत चंद्र यांचं मूळ एकच धरतात, ‘चमकणं’ हाच दोन्हींचा अर्थ.

केरोसचीही एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅनडाच्या अब्राहम गेस्नरने दगडी कोळशासारख्या पदार्थांपासून दिव्याचं तेल काढलं आणि त्याला नाव दिलं केरोसीन, मेणासाठीच्या याच ग्रीक शब्दावरून. कंदिलात आपण जे रॉकेल ओतायचो त्याचं नाव आणि या वेलीच्या नावाचा पूर्वार्ध एकच आहे. नाव देताना लिनियसच्या मनात अर्थातच यातलं काही नव्हतं. पण व्याकरणाच्या तासाला डुलक्या घेणारी पोरं इथे जागी होतात, असा अनुभव आहे.

डोंगरातल्या माणसाला मात्र कंदीलपुष्प हे नाव तुम्ही सांगितल्याशिवाय माहीत नसतं. हा शब्द अभ्यासकांच्या, फोटो काढणाऱ्यांच्या आणि फुलांवर लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात रुजला. गुराख्याला विचारलंत तर तो खर्चुडी म्हणेल, कुठे खरपुडी म्हणेल, आणि फुलाबद्दल नाही, कंदाबद्दल बोलेल. त्याच्या लेखी ही वेल म्हणजे जमिनीखालचा छोटा, चपटा किंवा गोल, पाणीदार कंद. पावसाळ्यात गुरामागे हिंडताना काठीने उकरायचा, साल काढायची आणि कच्चाच खायचा. सेरोपेजिया बल्बोसा ही कोरड्या भागातली, दख्खनच्या माळांवर काटेरी झुडपांच्या आधाराने चढणारी जात. तिचं वर्णन करताना वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय की लोक तिचा प्रत्येक भाग कच्चा नाहीतर शिजवून खातात. बल्बोसा हे नावही कंदावरूनच. म्हणजे एकाला फुलोरा दिसला, दुसऱ्याला फूल, तिसऱ्याला पोट भरण्याची सोय. वनस्पतीच्या नावात ती वनस्पती किती असते आणि नाव ठेवणारा किती असतो, हे बघायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तुम्ही म्हणता फुलात मेण दिसत नाही. फूल उभं चिरून भिंगाखाली धरलंत तर मेणापेक्षा मोठी करामत दिसते. वरच्या खिडक्यांतून वास बाहेर जातो. आपल्याला तो क्वचितच जाणवतो, पण चिलटाएवढ्या माश्यांना जाणवतो. माशी पाकळीवर उतरते. नळीच्या तोंडाशी पृष्ठभाग असा निसरडा असतो की पाय टिकत नाही आणि ती आत घसरते. नळीत खालच्या दिशेने वळलेले ताठ केस असतात. खाली जायला ते वाट देतात, वर यायला देत नाहीत. माशी तळाच्या फुगीर कोठीत पोचते. या कोठीच्या भिंतीचा काही भाग पातळ, जवळजवळ पारदर्शक असतो. बाहेरचा उजेड तिथूनच आत येतो, आणि नेमका तिथे, मधोमध, फुलाचे नर-मादी अवयव असलेला किरीट असतो. सुटायला धडपडणारी माशी उजेडाकडे जाते आणि किरीटाशी घोटाळते. कंदिलातून उजेड बाहेर पडतो, इथे तो बाहेरून आत येतो, एवढाच फरक.

पुढचा भाग रुईच्या फुलात जसा घडतो तसाच आहे, कारण ही रुईचीच नातेवाईक. दोघीही आता कण्हेरीच्या कुळात, अपोसायनेसीत गणल्या जातात. पराग सुटे, भुकटीसारखे नसतात. त्यांच्या मेणचट दिसणाऱ्या दोन पुड्या एका बारीक चिमट्याला जोडलेल्या असतात. किरीटाशी रस चाटताना माशीची सोंड त्या चिमट्यात अडकते आणि ओढून काढली की दोन्ही पुड्या सोंडेला लटकून येतात. साधारण एका दिवसाने नळीतले केस सुकतात. बऱ्याच जातींत तोवर ताठ असलेलं फूलही आडवं होतं. माशी बाहेर पडते आणि ज्या वासाला एकदा फसली त्यालाच दुसऱ्या फुलात पुन्हा फसते, नाहीतर परागीभवन व्हायचंच नाही. स्टीफन फोगेल या जर्मन अभ्यासकाने १९६१ मध्ये या पिंजऱ्याची बारकाईने उकल केली. पुढे २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनाय या जातीवर एक विलक्षण शोध प्रसिद्ध झाला. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या जखमेतला रस चाटायला काही माश्या धावतात. हे फूल जखमी मधमाशीचाच वास सोडतं आणि त्या माश्यांना बोलावतं.

फलधारणा झाली की शिंगांसारख्या दोन निमुळत्या शेंगा येतात, तडकतात आणि रेशमी झुपका लावलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. लहानपणी रुईच्या ज्या ‘म्हाताऱ्या’ पकडत होतात, त्यांचीच ही छोटी आवृत्ती.

आता जातींची नावं, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. कॅनरी बेटांपासून आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान, भारत आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत ही प्रजाती पसरलेली आहे. भारतातल्या जातींचा मोठा वाटा पश्चिम घाटात आहे आणि त्यातल्या कितीतरी जगात फक्त महाराष्ट्राच्या एखाद-दुसऱ्या डोंगरावर आहेत. त्यांची नावं वाचणं म्हणजे इथल्या वनस्पतिशास्त्राची वंशावळ वाचणं. लावी हे नाव जॉन सदरलँड लॉ या मुंबई इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्यावरून. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने ते १८८३ मध्ये दिलं आणि ही जात हरिश्चंद्रगडाशी जोडली गेली. पंचगनीएन्सिसचं गाव सांगायला नको, ते नाव फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅक्कॅन यांनी दिलं. पुढे मॅक्कॅनच्या नावाने मॅक्कॅनाय झाली. ह्युबेराय ही हर्बर्ट ह्युबर यांच्यावरून, ज्यांनी १९५७ मध्ये संपूर्ण प्रजातीची फेरमांडणी केली. महाबळेय हे नाव पुण्याचे प्राध्यापक महाबळे यांचं. जैनाय हे एस. के. जैन यांचं. यातली बरीच नावं एम. वाय. अन्सारींनी दिली. १९८४ मध्ये आलेली त्यांची भारतातल्या सेरोपेजियांवरची पुस्तिका अजून माझ्या टेबलावर असते, शिवण उसवली आहे तरी.

त्यानंतरची पिढी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची अंजनेरिका २००६ मध्ये आली. विशाळगडावर सापडलेल्या जातीला २०२३ मध्ये शिवरायांचं नाव मिळालं. गडाच्या कड्यावर, गवतात, पावसाळ्याचे दोन-तीन महिनेच दिसणारी वेल, तिला याहून शोभणारं नाव सापडलं नसतं. एरवी माणसांच्या नावाने जाती ठेवायची पद्धत मला फारशी आवडत नाही. ह्युबेराय म्हटल्यावर फुलाबद्दल काहीच कळत नाही. हिर्सुटा म्हटलं की वेल केसाळ आहे हे कळतं, ॲटेन्युएटा म्हटलं की पाकळ्यांची निमुळती, लांब चोच डोळ्यांपुढे येते, ऑक्युलाटा म्हटलं की डोळ्यांसारखे ठिपके.

प्रजाती सेरोपेजिया म्हणजे नेमकी कुठवर, यावरही आता वाद आहे. २०१७ मध्ये पीटर ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे सुचवलं की ब्रॅकिस्टेल्मा आणि निवडुंगासारख्या दिसणाऱ्या मांसल खोडांच्या बऱ्याच प्रजाती सेरोपेजियातच विलीन कराव्यात. तसं केलं तर जातींची संख्या सातशेच्या वर जाते आणि शिवनेरीवरची म्हणून प्रसिद्ध असलेली, अशाच मांसल खोडाची शिंदळ माकुडीही सेरोपेजिया ठरते. काही तज्ज्ञांना हे मान्य आहे, काहींना नाही. वंशवृक्षाच्या दृष्टीने ब्रुइन्स यांचं म्हणणं बिनतोड आहे हे मीही मानतो. पण शिंदळ माकुडीचं फूल म्हणजे खडकावर सपाट उघडलेली पाच टोकांची चांदणी. त्याला शमादान म्हणायला जीभ रेटत नाही, आणि क्षेत्रात काम करताना मी जुनीच नावं वापरतो.

तुमच्या घरातही एखादी सेरोपेजिया असू शकते. ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणून नर्सरीत मिळणारी, बदामाच्या आकाराच्या चितकबऱ्या पानांची लोंबती वेल म्हणजे सेरोपेजिया वुडाय. जॉन मेडली वुड यांना ती १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात सापडली. तिच्या दोरीवर मण्यांसारखे छोटे कंद येतात, ते मातीत टेकवले की नवी वेल. फुलाचा पिंजरा आणि केसांची नळी जवळून बघायची असेल तर ही कुंडी आणा. दुर्बीण घेऊन कड्यावर लोंबकळण्यापेक्षा बरं.

उच्चाराचं विचाराल तर मराठीत सेरोपेजिया रूढ आहे आणि तोच करावा. जुन्या ग्रीकप्रमाणे केरोपेगिया व्हायला हवा, पण शास्त्रीय नावांना एकच प्रमाण उच्चार नसतो. समोरच्याला कळलं की झालं. लिहिताना मात्र प्रजातीचं पहिलं अक्षर रोमन लिपीत मोठं, जातीचं लहान आणि दोन्ही तिरप्या टायपात. नाव स्त्रीलिंगी आहे म्हणून हिर्सुटा, हिर्सुटस नव्हे.

राहिला तुमचा फोटो. वेल आधाराला वेटोळे घालत चढतेय, म्हणजे लावी, पंचगनीएन्सिस, ॲटेन्युएटा या ताठ वाढणाऱ्या जाती बाद. खोडावर आणि पानांवर केस दिसतात, वरचा पाकळ्यांचा पिंजरा अंड्याच्या आकाराचा आहे, नळी पांढरट आणि तिच्यावर जांभळे ठिपके आहेत. यावरून हिर्सुटा असावी असं म्हणेन. खात्रीने सांगायचं तर किरीट बघावा लागतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरात, त्याच जागी जा. आसपास बरीच फुलं असतील तरच एक घ्या, ब्लेडने उभं चिरा, आणि तळाच्या कोठीचा फोटो मोबाइलच्या मागे दहापट भिंग धरून काढा. बाहेरच्या किरीटाच्या पाळ्यांची टोकं दुभंगलेली आहेत का, त्यांच्या कडांना केस आहेत का आणि आतल्या पाळ्या सरळ आहेत की टोकाशी बाहेर वळलेल्या, हे तीन मुद्दे दिसले पाहिजेत. सोबत पानाच्या दोन्ही बाजू आणि खोडाचा तुकडा यांचे फोटो पाठवा. कंद उकरू नका. आणि फोटो कुठे टाकणार असाल तर त्यातून जागेचा नकाशा-बिंदू काढून टाका. गडाचं नाव पुरेसं आहे.